सगळ्यांनी मिसळून बसावे

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कोणी वाचावं म्हणून नाही. तरी अक्षर नीट ठेवतोय, उगाच सवय बिघडायला नको.

कारण तसंच आहे. हेडऑफिसच्या मॅडमनी मला फॅक्टरीचा समावेशकता अधिकारी नेमलं. पगार तोच, खुर्ची तीच, दारावर पाटी नवी. मागच्या महिन्यातल्या ट्रेनिंगमध्ये मी एकटाच जागा होतो, ते त्यांच्या लक्षात राहिलं असणार. विषय होता बदलाचं मानसशास्त्र. बदल आला की माणूस चार पायऱ्या चढतो: नकार, विरोध, चाचपणी, स्वीकार. तो तक्ता मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. मी स्वतः चौथ्या पायरीवर आहे. पहिल्यापासूनच होतो.

पहिलं काम कॅन्टीन. आमची फॅक्टरी विजेच्या स्विचची. माणसं नाना भाषांची. लाइनवर खांद्याला खांदा लावून काम करतात आणि जेवणाचा भोंगा झाला की आपापल्या भाषेच्या टेबलाकडे पांगतात. वर्षानुवर्षं हेच. खिडकीजवळचं टेबल आपल्या लोकांचं. तिथे वारा चांगला येतो.

घरी सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, आता सुरुवात घरापासून करा. रोख कळला. कानाडोळा केला.

५ मार्च, बुधवार

घरचा विषय एकदाचा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

लेकीने लग्न ठरवलंय. मुलगा आपल्यातला नाही. भाषा वेगळी, देव वेगळे, जेवायची वेळसुद्धा वेगळी. चष्म्याचं दुकान आहे. लेक तिथे माझाच चष्मा करायला गेली होती, म्हणजे मूळ दोष माझ्या डोळ्यांचा. मी त्याला चष्मेवाला म्हणतो. नाव आहे त्याला, पण ते माझ्या जिभेवर बसत नाही आणि मी बसवूनही घेतलेलं नाही.

माझा विरोध नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलंय. फक्त घाई नको, एवढंच. दोन वर्षं तेच सांगतोय.

आता ती थांबायला तयार नाही. ३ एप्रिलला रजिस्टर लग्न, मग हॉलमध्ये जेवण. तीन साक्षीदार लागतात. एक चष्मेवाल्याची बहीण, एक लेकीची मैत्रीण. तिसरी सही बाबा तुमची, असं म्हणाली. मी म्हटलं, बघू.

आमच्या घरात बघू म्हणजे हो. सगळ्यांना माहीत आहे. ही म्हणते, आमच्या घरात बघू म्हणजे नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढंही कळू नये.

१० मार्च, सोमवार

योजना सुरू. कॅन्टीनच्या दारात मी उभा राहून रंगीत टोकन देतो. ज्या रंगाचं टोकन, त्या रंगाचं टेबल. नियम एकच: एका टेबलावर एका भाषेची दोन माणसं नकोत. भिंतीवर पाटी लावली, सगळ्यांनी मिसळून बसावे. अक्षर माझंच.

पहिला दिवस उत्तम गेला. टोकन घेताना सगळे गप्प, जेवतानाही गप्प. चमच्यांचा आवाज ऐकू येत होता. इतकं शांत कॅन्टीन मी आजवर पाहिलं नव्हतं.

जाड्या मिस्त्री मात्र दारातच अडला. हा आपल्या टेबलाचा म्होरक्या. मशीनं दुरुस्त करतो आणि माणसं बिघडवतो. मागच्या टेबलावरच्या डब्यांचा वास सोसत नाही, हे तो त्यांच्या तोंडावर सांगतो. ते लोकही त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी ऐकवतात. आज मला म्हणाला, साहेब, त्यांचं जेवण मला पचणार नाही आणि माझं बोलणं त्यांना. अगदी जुनाट विचारांचा माणूस. तक्त्यावर त्याच्या नावाने दुसऱ्या पायरीवर खूण केली.

मी स्वतः खिडकीजवळच बसलो. अधिकाऱ्याला तटस्थ राहावं लागतं. शिवाय ती जागा रिकामी सोडली तर कोणीही येऊन बसेल.

१३ मार्च, गुरुवार

टोकनांचा काळाबाजार सुरू झालाय. हिरव्याच्या बदल्यात पिवळं आणि वर एक सिगारेट. म्होरक्या कोण ते सांगायला नको.

संध्याकाळी घरी आलो तर कुलूप. ही चष्मेवाल्याच्या आईकडे गेली होती. आल्यावर विहीणबाई, विहीणबाई चालू. मी म्हटलं, अजून लग्न व्हायचंय. तुम्ही बोलता तरी कोणत्या भाषेत? म्हणाली, बोलतो कुठे, कपडे बघतो, चहा पितो, त्या हसल्या की मी हसते. दोन तास! मला बायकोची काळजी वाटते. बदल इतका सोपा नसतो, टप्प्याटप्प्याने घ्यावा लागतो. ही एकदम चौथ्या पायरीवर उडी मारायला बघते. अशी माणसंच तोंडावर आपटतात.

१८ मार्च, मंगळवार

मॅडमचा फोन. योजना बघायला स्वतः येणार, जेवणाच्या सुट्टीत, ३ एप्रिलला. मी ताबडतोब हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तारीख लक्षात आली.

पुढची तारीख मागता आली असती. पण पहिल्याच भेटीला अडचणी सांगणं बरं दिसत नाही. वेळापत्रक बसवलं. अकराला रजिस्टर ऑफिस, सही. साडेबाराला फॅक्टरी, मॅडम. दीडला हॉल, शेवटची पंगत. हॉल फॅक्टरीपासून दोनच गल्ल्यांवर आहे. लेकीने घरापासून इतक्या लांबचा हॉल का घेतला ते कळत नव्हतं, पण आता बरंच झालं म्हणायचं.

नियोजन असलं की माणूस सगळीकडे पोचतो.

२१ मार्च, शुक्रवार

आज कॅन्टीन ओस. चौकशी केली तर मंडळी डबे घेऊन मागच्या लोडिंगच्या शेडमध्ये बसली होती. जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. रिकाम्या खोक्यांवर सगळ्या टेबलांची माणसं दाटीवाटीने बसलेली. जाड्या मिस्त्री मधोमध उभा राहून कोणाची तरी नक्कल करत होता. हातात टोकनांची पिशवी धरल्यासारखं करायचा, मान वाकडी करायचा, चष्मा नाकावर खाली ओढायचा. मागच्या टेबलावरचे तर पोट धरून हसत होते. एकाने आपल्या डब्यातलं मिस्त्रीच्या डब्यात वाढलं आणि त्याने ते खाल्लं.

नक्कल कोणाची ते एवढ्या लांबून कळलं नाही.

मॅडमना पाठवायच्या अहवालात लिहिलं, योजनेमुळे कामगारांत एकोपा वाढला आहे. हे खरंच आहे.

२५ मार्च, मंगळवार

चष्म्याची काडी निखळली. दोऱ्याने बांधली. लेक म्हणाली, द्या इकडे, तो दोन मिनिटांत करून देईल. मी म्हटलं, दोरा मजबूत आहे.

नंतर ती गॅलरीत त्याच्याशी फोनवर बोलत होती. त्याच्या भाषेत. इतकं भराभर बोलायला कधी शिकली? मध्येच खळखळून हसली. मी आत पेपर वाचत होतो. आजवर ती हसली की मला कारण कळायचं. आज कळलं नाही. उद्या तिला मूल होईल, ते आजोबांना काय म्हणून हाक मारेल, आणि मला ती हाक कळेल का?

हे खोडायचं आहे. चौथ्या पायरीवरचा माणूस असं लिहीत नाही.

खरं तर चूक जुनी आहे. ती लहान असताना शाळा सुटली की मी तिला फॅक्टरीत आणून कॅन्टीनमध्ये बसवायचो. माझं काम संपेपर्यंत ती सगळ्या टेबलांवर फिरायची. इथला एक घास, तिथला एक घास. कोणाच्या मांडीवर झोपायची, कोणाकडून गाणं शिकून यायची. जाड्या मिस्त्री तेव्हा बारीक होता, तिला खांद्यावर घ्यायचा. मला कौतुक वाटायचं. तेव्हाच आवरायला हवं होतं.

१ एप्रिल, मंगळवार

मिस्त्रीने जिन्यात गाठून विचारलं, साहेब, गुरुवारी किती वाजता पोचायचं? मी म्हटलं, रोजच्यासारखं, भोंग्याला. मॅडम येणार आहेत, उशीर नको. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, साहेब, मी सकाळची रजा टाकलीय. नेमकी त्याच दिवशी! ह्या लोकांना कशाचंच गांभीर्य नाही.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी आठ

लेकीने काही विचारलं नाही. माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. ही तयार होऊन बसलेली. मी सांगितलं, आधी फॅक्टरीत जाऊन टोकनं लावतो, अकराच्या आत तिकडे येतो. लेक दारापर्यंत आली.

"बाबा, नाही आलात तरी चालेल. पण येतो म्हणू नका."

मी म्हटलं, येतो.

त्याच दिवशी, दुपारी तीन. कॅन्टीन

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

टोकनं लावून दहाला मोकळा झालो. निघालो. गेटपर्यंत गेलो, तेवढ्यात वाटलं, भिंतीवरची पाटी वाकडी आहे. परत येऊन सरळ केली. लांबून पाहिली तर दुसऱ्या बाजूला वाकडी. स्टूल आणलं. पुन्हा सरळ केली. अकरा वाजले तेव्हा मी स्टुलावर होतो. सव्वाअकरालाही स्टुलावरच होतो. पाटी तेव्हा सरळ होती.

मग म्हटलं, आता जाऊन काय उपयोग, सही तर झाली असेल.

मॅडम वेळेवर आल्या. भोंगा झाला. मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. कोणी आलं नाही. मॅडमनी लाल टोकन घेतलं आणि लाल टेबलावर जाऊन बसल्या. मी हिरव्या टेबलावर बसलो, नियम म्हणून. बाकी सगळी टेबलं रिकामी. मी शेडकडे पाहून आलो. तिथे नुसती खोकी.

शेवटी रिसेप्शनची मुलगी बाटली भरायला आली. मॅडमनी तिला विचारलं, सगळे गेले कुठे? ती म्हणाली, दोन गल्ल्या सोडून हॉल आहे ना, तिथे जेवायला. साहेबांच्या मुलीचं लग्न आहे आज. तिने सगळ्यांना बोलावलंय. मला फोनसाठी थांबावं लागलं, नाहीतर मीपण गेले असते.

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मी म्हटलं, व्यवस्था बघतोय.

त्यांनी लाल टोकन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, जा तुम्ही, मी काही लिहिणार नाही. मी म्हटलं, आधी अहवाल पूर्ण करतो. त्या गेल्या. अहवालात लिहायला काहीच नव्हतं. तरी बसलो. थोड्या वेळाने मंडळी परत आली, घोळक्याने, हसत, कोणाच्या हातात फुलं. मला पाहून घोळका पांगला. कोणी काही म्हणालं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

४ एप्रिल, शुक्रवार

काल सुट्टी झाल्यावर हॉलवर गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्च्या एकात एक रचून ठेवत होते. लेक आणि चष्मेवाला गावाला निघून गेले होते. ही त्यांना गाडीत बसवायला गेलेली.

एका टेबलाशी विहीणबाई भांडी मोजून घेत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. फोटो पाहिला असणार. उठून ताट वाढलं आणि समोर बसल्या. सगळं गार झालेलं. मी खाल्लं. त्या काहीतरी म्हणाल्या. अजून वाढू का, असं असेल. किंवा कुठे होतात, असं असेल. मी मान हलवली. खाली वाकलो तसा दोरा तुटला आणि चष्मा आमटीत पडला. त्यांनी तो उचलला, रुमालाने पुसला, काडी पाहिली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मुलाच्या दुकानाच्या दिशेने बोट दाखवलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही या आणि घेऊन जा, एवढं मला कळलं.

मग आम्ही दोघं तसेच बसलो. टेबलावर एका भाषेची दोन माणसं नव्हती.

आज टोकनं घेऊन गेलो नाही. सगळे जुन्या टेबलांवर जाऊन बसले. फक्त मिस्त्री मागच्या टेबलावर होता, वासाबद्दल कुरकुर करत जेवत होता. हात धुताना माझ्या शेजारी आला. म्हणाला, तिसरी सही मी केली, साहेब. पोरगी पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती. मी सांगत राहिलो, निघालेत, वाटेतच आहेत. मग वहिनींनीच मला पेन दिलं.

मी म्हटलं, मी खरंच निघालो होतो. तो म्हणाला, हो.

उद्या दुकानात जाऊन चष्मा आणायचा. ते दोघं परत यायला अवकाश आहे, तरी त्याचं नाव आधी पाठ करायचं. आज अक्षर वाकडं येतंय, ओळी एकमेकींवर चढतायत.

ही विचारतेय, उद्या जाणार ना? मी बघू म्हटलं. मग तिच्याकडे पाहिलं, पण चष्म्याशिवाय तिचा चेहरा नीट दिसला नाही.