सुजलेल्या पापण्यांचा बोभाटा

९ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद धरलाय. कागद बिचारा मध्येच तोडत नाही.

इथे सगळे मजेत, माझ्या पापण्या सोडून. महिना होत आला, दोन्ही डोळ्यांवरच्या पापण्या खाजतात, चुरचुरतात आणि संध्याकाळपर्यंत अशा सुजतात की आरशात मी मलाच ओळखत नाही. सकाळी उठावं तर वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली. तोंडावर पाणी मारलं तरी झोंबतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी बत्ती मारून आत पाहिलं आणि नजर उत्तम आहे म्हणाले. मी म्हटलं, साहेब, नजरेची तक्रार नाही, पापणीची आहे. तोवर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली होती! छप्पर गळतंय म्हणून गवंडी आणावा आणि त्याने भिंत ठोकून मजबूत आहे म्हणून निघून जावं, तसं झालं. थेंब दिलेत. घातले की आणखी आग होते.

शाळेची बस चालवताना मागची मुलं हैराण करतात. पुढच्या सीटवरच्या चिमुरडीने विचारलं, काका, तुम्ही रोज का रडता. मी म्हटलं, शाळेचा रस्ता इतका छान आहे की मला भरून येतं. दुसऱ्या दिवशी तिची आई बस थांबल्यावर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ते बघणं मला आवडलं नाही.

गल्लीत तर जो तो वैद्य झालाय. कुणी मध लाव म्हणतं, कुणी गुलाबपाणी, तळमजल्यावरच्या काकांनी त्यांच्या गुडघ्याचं मलम पुढे केलं. तू काय म्हणतेस ते कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

•

१५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

अ. आ. आणि एक टपली. महिनाभर दुखणं अंगावर काढलंस आणि मला आत्ता कळवतोस?

गुडघ्याचं मलम डोळ्याला लावलंस तर मी येऊन तुझे गुडघे फोडीन. मध, गुलाबपाणी, पावडर, सगळं बंद. तोंडाला वासाचा साबण लावू नकोस. स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात बुडवून, पिळून, पापण्यांवर ठेव. झोपताना साधं, बिनवासाचं व्हॅसलीन बोटाच्या टोकावर घेऊन अलगद लाव. आणि चोळू नकोस. लहानपणापासून तुला डोळे चोळायची खोड, परीक्षेला जाताना तर सशासारखे डोळे करून जायचास.

माझ्या शिवणक्लासचं ठीक चाललंय. नव्या मुली सरळ शिवण सोडून सगळं शिवतात. भाऊजी तुला सांगतात की रजा घे. मी सांगते, रजेने काय होणार, खोड गेली पाहिजे.

माया आहेच, ती धाकात बांधून पाठवते.

तुझी,
ताई

•

२७ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. रागात लिहितोय, अक्षर गोड मानून घे.

मला घरी बसवलंय. का, तर मी पितो म्हणे. मी!

सोमवारी सकाळी आम्ही सगळे ड्रायव्हर आवारात गाड्या पुसत होतो. मॅनेजर थेट माझ्यापाशी आला, नाक पुढे करून दोनदा वास घेतला, दूध नासलंय का बघतात तसा. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की तीन पालक माझ्या डोळ्यांची तक्रार घेऊन आले होते, आणि रात्री ज्याला स्वतःचा तोल सांभाळता येत नाही त्याच्या हाती तो मुलांची गाडी देणार नाही. मी म्हटलं, आणा ते फुंकायचं यंत्र, आत्ता फुंकतो. म्हणे, यंत्र दुरुस्तीला गेलंय. मी म्हटलं, मग चला दवाखान्यात, रक्त काढा. म्हणे, कशाला प्रकरण वाढवता, इथेच मिटवू.

मिटवू? चारचौघांत माझ्या तोंडाला काळं फासायचं आणि वर मिटवू म्हणायचं! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. इतकी वर्षं गाडी चालवतोय, कुणाच्या पोराला साधं खरचटलेलं नाही. त्याने किल्ली मागितलीसुद्धा नाही गं, माझ्या हातातून काढून घेतली.

बाकीच्यांना एकदम आपापल्या टायरमधली हवा बघायची आठवण झाली. एकट्या मेकॅनिकने माझ्याकडे सरळ पाहिलं. माझी गाडी आता दुसरा चालवतो. वळणावरच्या थांब्यावर एक बुटका मुलगा गेटाआड उभा असतो, हॉर्न दिल्याशिवाय निघत नाही. नव्या ड्रायव्हरला हे कोण सांगणार?

उलट टपाली लिही. तू लिहिलंस की बरं वाटेल.

तुझा,
धाकटा

•

३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अ. आ. पत्र वाचलं, परत वाचलं, भाऊजींना मात्र वाचून दाखवलं नाही.

रागावू नकोस. आईच्या जागी आहे म्हणून एकदाच विचारते, परत कधी विचारणार नाही. थोडीशीसुद्धा नाही ना? कामाचा शीण, कुणी आग्रह केला, असं काही? बाबाही दर वेळी शपथ घ्यायचे. ते दारातून आत आले की आपण दोघं आधी त्यांचे डोळे बघायचो, आणि त्यावरून ठरायचं, जेवायला बसायचं की माळ्यावर पळायचं. तुझे डोळे सुजल्याचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थट्टा केली खरी, पण या पत्राने मला परत त्या माळ्यावर नेऊन बसवलं.

असेल तर सांग, मी तुझ्या पाठीशी उभी आहे. नसेल तर मला चार शिव्या घाल. पण खरं ते लिही.

काळजीतली,
ताई

•

१८ ऑक्टोबर

ती. ताईंना,

नमस्कार. तुम्ही चार शिव्या मागितल्या होत्या. तुमचे भाऊ त्या घालणार नाहीत, म्हणून मी लिहायला बसले.

तुमचं पत्र त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि घरातली सगळी भांडी घासायला काढली. घासलेलीसुद्धा परत घासली. तेव्हापासून तुमचं नाव निघालं की उठून गॅलरीत जातात. मॅनेजर बोलला तेव्हा ते घरभर ओरडले होते, ताई. तुम्ही विचारलंत तेव्हा नुसती भांडी घासली.

खोकल्याच्या औषधालासुद्धा आधी वास घेऊन बघणारा माणूस आहे हा. तो का बघतो ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मला त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की वडिलांच्या हातचा मार ताईने माझ्या वाटचाही खाल्ला. त्या ताईने विचारावं याचं दुःख आहे. मोठ्या आहात म्हणून पायाला हात लावते, पण तुमचं चुकलं, हे लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

आता पुढचं ऐका. पापण्या बऱ्या झाल्या! गार फडकं, साधं व्हॅसलीन, तुम्ही सांगितलेलं सगळं मी करायला लावलं, पण ते आधीही करत होतोच की. तेव्हा उतार नव्हता. घरी बसल्यावर सूज गेली, कातडी लहान मुलासारखी मऊ झाली. ते आनंदाने मॅनेजरला दाखवायला गेले. तर त्याने पाठीवर थाप मारून सगळ्या ऑफिससमोर अभिनंदन केलं, म्हणाला, बघा, सोडलीत आणि डोळे निवळले! यापुढे पिणार नाही एवढं माझ्यासमोर कबूल करा आणि उद्यापासून या.

म्हणजे डोळे सुजले तरी दारू आणि बरे झाले तरी दारूच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते तसेच परत आले. आता कबूल करून टाकावं का, असं काल मला विचारत होते. मुलीची शाळा, घरभाडं, सगळं पुढ्यात आहे. मी नाही म्हटलंय. पण मी एकटी किती दिवस नाही म्हणू?

तुमची,
भावजय

•

२३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आणि त्याच्या वाघिणीस,

अ. आ. शिव्या पोचल्या. कमी पडल्या म्हणून वर दोन मी स्वतःला घातल्या. डोळे बघून माणूस ठरवायची सवय मला त्या घराने लावली, पण तू तर त्याच घरात माझ्या शेजारी होतास. ते मी विसरले. याहून जास्त कागदावर जमत नाही, समोर आल्यावर बघू.

कबूल करायचं नाही! न केलेलं कबूल केलंस तर जन्मभर तेच खरं होऊन बसेल. त्यापेक्षा डोकं चालव. त्या नाकवाल्याने अर्धं बरोबर ओळखलंय. काहीतरी सुटलं म्हणूनच डोळे निवळले. काय सुटलं, ते शोध. साबण तोच, उशी तीच, बायको तीच. सुटलं ते काम. म्हणजे दुखण्याचं मूळ घरात नाही, त्या बसमध्ये किंवा आवारात आहे.

आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे कसला जातोस? पापणी म्हणजे कातडीच ना? कातडीच्या डॉक्टरला दाखव. उद्याच.

चुकलेली, पण तुझीच,
ताई

•

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न., संपूर्ण आणि विनाअट. पत्राला उशीर झाला, कारण अर्धवट बातमी कळवायची नव्हती.

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण माणसाचं ऐकून घेतात. दिवसभर तुमचे हात कशाकशाला लागतात ते करूनच दाखवा म्हणाल्या. मग मी त्यांच्या स्टुलावर बसून रिकाम्या हातांनी बस चालवली. गिअर टाकला, वळण घेतलं, सिग्नलला थांबलो. बाई हसायला लागल्या. सिग्नल आला की माझ्या मुठी डोळ्यांवर जात होत्या! तुझा ससा अजून सुधारलेला नाही.

मग त्यांनी विचारलं की स्टिअरिंगवर अलीकडे काही नवीन बसवलंय का. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुलैअखेर सगळ्या गाड्यांच्या स्टिअरिंगला जाड, काळी रबरी कव्हरं घातली होती. हाताला चिकट लागायची, जळक्या टायरसारखा वास यायचा. मेकॅनिकने गुपचूप एक पट्टी कापून घरी आणून दिली. बाईंनी तिचे तुकडे आणि आणखी कसले कसले ठिपके माझ्या पाठीवर चिकटवले, दोन दिवस पाठ भिजवायची नाही म्हणून बजावलं. पट्ट्या काढल्या तर बाकीची पाठ कोरी, आणि कव्हराच्या तुकड्याखाली लालभडक चौकोन! खाजून जीव नकोसा झाला. रबरात घालतात त्यातलं एक रसायन मला सोसत नाही. मी विचारलं, मग तळहाताला कसं काही झालं नाही? तर तळहाताची कातडी जोड्याच्या तळव्यासारखी जाड असते आणि पापणीची सगळ्या अंगात पातळ. हाताने उचलायचं आणि पापणीने भोगायचं.

तसाच मॅनेजरकडे गेलो आणि त्याच्या टेबलासमोर सदरा वर करून पाठ दाखवली. ऑफिसातली माणसं उठून बघायला आली. तो म्हणाला, बरं बरं, कव्हर काढून टाका, उद्यापासून या, झालं गेलं विसरा. मी म्हटलं, आवारात बोललात, आता आवारातच सांगा. त्याची गरज नाही म्हणाला. मी म्हटलं, मग मी रोज सकाळी शाळेच्या फाटकात असाच उघडा उभा राहतो आणि येईल त्या पालकाला पाठ दाखवतो. मी ते केलं असतं, ताई. त्यालाही ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेर आला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटला. बसखालून मेकॅनिक ओरडला की इकडे ऐकू येत नाही. मग त्याला मान वर करून सांगावं लागलं की हा माणूस पीत नाही, दुखणं कव्हराचं होतं आणि आरोप करण्यात माझी चूक झाली. किल्ली त्याने पुढे केली. मी ती लगेच घेतली नाही, त्याचा हात थोडा वेळ तसाच राहू दिला.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण त्यानंतर आमच्याकडची एकुलती एक बाई ड्रायव्हर माझ्याजवळ आली. गेले काही महिने ती काळा चष्मा घालून यायची आणि आम्ही तिला हिरॉईन म्हणायचो. तिने चष्मा काढला. पापण्या माझ्यापेक्षा वाईट, कोपऱ्यात भेगा पडलेल्या. कुणाला सांगितलं का नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुमचं काय केलं ते बघितलं होतं. पुरुषाला असं बोलले, मला काय काय बोलले असते!

ताई, माझ्या अपमानाचा मला इतका राग आला नव्हता जितका त्या क्षणी आला. त्याने मला एक वाक्य ऐकवलं आणि तिची तक्रार तिच्या तोंडातच जिरली. मी मेकॅनिककडून सुरी घेतली आणि आधी तिच्या गाडीचं कव्हर फाडलं, मग माझं. मॅनेजर ओरडायला लागला की हा कंपनीचा माल आहे. तेव्हा टायरची हवा बघणारे ते सगळे एकेक करून आपापल्या गाडीत चढले, आणि प्रत्येकाने आपलं कव्हर आणून त्याच्या दारात टाकलं. गुडघाभर ढीग झाला. त्या दिवशी सगळ्या बस उशिरा सुटल्या. मी तर मुद्दाम सावकाश चालवली.

उद्या दुपारी त्या बाईला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जातोय. ही पण बरोबर येणार आहे.

तू मात्र सवडीने नको, लवकर ये. लोभ कमी झाला नव्हता, रुसून गॅलरीत उभा होता, तो आता आत आलाय.

तुझा,
धाकटा