उजवीकडून दुसरी

अब्बा,

आज चौथी डिस्क बदलून झाली. तुमच्या दुकानातली, लग्नांच्या फिल्म साठवायची चार डिस्कची काळी पेटी आता घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या फळीवर असते. दुकान दुसऱ्याला दिलं, कॅमेरे गेले, पण लोकांच्या लग्नांची पेटी अम्मीने हलू दिली नाही. जतमधून अजूनही वर्षाकाठी दोन-तीन माणसं येतात, डीव्हीडी अडकते म्हणतात, नवी कॉपी मागतात. गेल्या महिन्यात चारांतली एक डिस्क खराब होत असल्याचा संदेश मला शिरवळला, नोकरीच्या गावी, फोनवर आला, तेव्हा चारही बदलायच्या आणि त्यांच्यावर माहिती वाटून ठेवायची मांडणीही नवी करायची असं ठरवलं. त्यासाठी मी चार दिवसांची रजा काढून आले आहे. आधी सगळ्याची वेगळी प्रत काढली, ती उघडून तपासली. मग एका वेळी एकच डिस्क काढायची, नवी बसवायची आणि थांबायचं. उरलेल्या तिन्हींवरून पेटी नवीची माहिती भरून काढते. त्याला नऊ-दहा तास लागतात आणि तेवढा वेळ दुसऱ्या कशालाही हात लावायचा नसतो. थांबणं हाच या कामाचा मोठा भाग आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं.

काल अम्मी स्क्रूंची ताटली धरून शेजारी उभी होती. म्हणाली, "नीट बघून कर गं. त्यांच्या हातनं गेलं तसं पुन्यांदा नको." मी ताटलीतला पुढचा स्क्रू उचलला.

तो फोन मला शब्दाला शब्द आठवतो. मला नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात होता. तुम्ही म्हणालात, "अगं, तुझी पेटी वरडायला लागलीय. गिऱ्हाईक बसलंय, काय करू?" डिस्क क्रमांक दोन गेली, हे मला मोबाइलवर दिसत होतं. मी म्हटलं, "दुसरी गेलीय. दुसरी ओढून बाहेर काढा, आवाज थांबेल. रविवारी नवी घेऊन येते." तुम्ही विचारलंत, "दुसरीच ना?" मी म्हटलं, "दुसरीच," आणि फोन ठेवला.

कुठल्या बाजूने, हे मी सांगितलं नाही. तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले. दुकानातले अल्बम तुम्ही उजवीकडून लावायचात. पहिला अल्बम दाराकडच्या टोकाला. लहानपणी "सातवा आण" म्हणालात की मी न विचारता उजवीकडून मोजत जायचे. शाळेच्या वहीत डावीकडून आणि तुमच्या फळीवर उजवीकडून, यात मला कधी अडचण आली नव्हती. बाहेरच्या कुणी विसरलं असतं तर समजण्यासारखं होतं. मी विसरले. तुम्ही उजवीकडून दुसरी काढलीत, म्हणजे पेटीच्या हिशेबाने तिसरी, धडधाकट. चारांतली एक गेली तर पेटी तग धरते. दोन गेल्यावर ती बंद पडली.

रविवारी दुपारी मी पोचले तेव्हा तुम्ही ती डिस्क रुमालात गुंडाळून गल्ल्याशेजारी ठेवली होती. मी बघितलं आणि म्हटलं, "अब्बा, तुम्ही तिसरी काढलीत." आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही, आणि त्याचा तुम्हाला जास्त त्रास व्हायचा हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत, "मग आता कायच न्हाई का होणार?" मी घड्याळ बघितलं आणि नाही म्हटलं. अम्मीने खिमा केला होता, तुम्ही म्हणालात, "रहा की आजची रात. उद्या जा." मी म्हटलं, "उद्या ड्यूटी आहे, पाचची गाडी गाठायची आहे." नवी डिस्क बसवली, तुम्ही काढलेली परत आत सरकवली, आणि स्क्रीनवर जो प्रश्न आला त्याला हो म्हणून नवी मांडणी तयार केली. पेटी सुरू झाली. आत काही नव्हतं. सहा वर्षांची लग्नं, बारशी, एक-दोन यात्रा.

कराडच्या पुढे गाडीत मोबाइलवर पेटीचं माहितीपुस्तक वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: चांगली डिस्क चुकून निघाली, तर काहीही नवीन तयार करू नका, ती जागेवर बसवा, जुनी मांडणी परत जोडता येण्याची शक्यता असते. तुमच्या हाताने पेटी फक्त बंद पडली होती. पुसलं मी. हे मला त्याच रात्री कळलं, आणि पुढचं दीड वर्ष तुम्ही होतात.

त्या दीड वर्षात तुम्ही काय केलंत ते मी सुट्टीला आले की बघत होते. गिऱ्हाइकांची जुनी वही काढून, स्कूटरवर गावोगाव जाऊन, ज्यांची डीव्हीडी चालत होती त्यांच्याकडून ती मागून आणून पेटीत भरत होतात. कर्नाटकाच्या सीमेजवळ, संखकडच्या गावांत कन्नडमधून माफी मागायचात. आज पेटीत आहे त्यातलं बरंचसं तुम्ही असं गोळा केलेलं आहे.

एकदा मी दुकानात असताना धनगरवाडीची एक म्हातारी आली. तिला लेकीच्या लग्नाची फिल्म हवी होती, कारण त्यात तिचा मुलगा होता आणि मुलगा आता नव्हता. तुम्ही उभे राहिलात. "मावशी, ती माझ्या हातनं गेली."

"आवं फोटोवाले, समदीच?"

"समदीच."

ती स्टुलावर टेकली. मग म्हणाली, "तुमी तर डोळा लावून बघितलं असंल. कसा नाचला हुता त्यो?"

आणि तुम्ही सांगितलंत. नवरदेवाच्या गाडीपुढे नाचताना त्याचा फेटा सुटला, तो त्याने कमरेला गुंडाळला, ढोलवाल्याला मिठी मारून पुन्हा नाचायला लागला. मामाने कान धरून जेवायला नेला, तर लाडू दोन्ही हातांत घेऊन परत आला. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "व्हय, व्हय. तसलाच हुता. लय येडं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही लेक न्हवं? शिकलेली?"

"हिनंच बसवली ती पेटी," तुम्ही म्हणालात. "पेटी झ्याक हाय मावशी. हात माझा चुकला."

मी तिथे, तुमच्यापासून दोन हातांवर, बिलबुकातला कार्बन सरळ करत होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडे ते तयारही होतं. मी कार्बन सरळ केला.

पेटीत झालेल्या प्रत्येक कामाची नोंद राहते. त्या रविवारची ओळ आज पुन्हा दिसली: चार वाजून दहा मिनिटं, माझं नाव, नवी मांडणी तयार केली. पेटीने विचारलं, जुन्या नोंदी काढून टाकायच्या का. बोट बटणावर होतं. मग नाही म्हटलं. आता दोन डिस्क एकदम गेल्या तरी काही जाणार नाही अशी मांडणी केली आहे, आणि खणांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, पेटीचे डावीकडून आणि खाली तुमचे उजवीकडून. अम्मीने त्या बघितल्या आणि विचारलं, "हे दोन-दोन कशाला?" मी म्हटलं, "नंतर सांगते." ती आत भाकरी थापते आहे. तिला सांगायला उद्याचा एक दिवस रजा शिल्लक आहे. तुम्हाला सांगायला दीड वर्ष होतं, म्हणून मी स्वतःच्या शब्दावर फारसा विश्वास ठेवत नाही.

हा कागद पेटीखाली ठेवते आहे. एकच गोष्ट राहिली, ती पुस्तकातही नाही आणि नोंदीतही नाही. त्या सोमवारी मला ड्यूटी नव्हती.