नमुना क्रमांक चारशे बारा

प्रिय मावशी,

अगदी वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस ना, की बाटली नुसतीच उशाशी ठेवतेस? काकांचा खोकला थांबला असेल आणि कॅन्टीनची नवी शेगडी नीट पेटत असेल अशी आशा आहे. मी इकडे मजेत आहे. ('मजेत' हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय. कागदावर ते दिसणारच, म्हणून आधीच सांगते.) खरं तर फोनच करणार होते. पण तू फोन स्पीकरवर ठेवून भजी तळतेस, आणि मग तुझी गिऱ्हाइकं मला सल्ले देतात. मागच्या वेळी मी कोणत्या विषयात पुढे शिकावं हे एका टेम्पोवाल्याने ठरवलं होतं. शेजारचे ड्रायव्हरकाका उद्या तुमच्या बाजूला येणार आहेत, त्यांच्या हाती पत्र देते. ते शनिवारी दुपारी परततील. (हे आत्ता लक्षात ठेवायची गरज नाही. नंतर लागेल.)

तुला माहीतच आहे, मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. दुकानांतून मुरंबे, लोणची, बिस्किटं येतात, आम्ही ती कुटतो, विरघळवतो, जाळतो आणि खाण्यालायक आहेत का ते सांगतो. मी अजून कच्ची आहे, म्हणजे नोकरी कायम झालेली नाही. कायम करण्याचा शेरा आमच्या प्रमुख मॅडम याच महिन्यात लिहिणार आहेत. आई रोज दारात चपला काढायच्या आतच विचारते, "लिहिला का गं?" आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे माझा शेरा हा एकटीचा राहिलेला नाही. गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालाही त्याची काळजी आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळे एकमेकांना भेटी देतात. आजवर त्या विकतच्या असायच्या. आमच्याकडे काचेची भांडी धुणाऱ्या काकू आहेत. मागच्या वर्षी त्यांनी सगळ्यांना बिस्किटांचे लहान पुडे दिले आणि बाकीच्यांनी त्यांना भलेमोठे डबे दिले, असं मी ऐकलं होतं. ते मला इतकं लागलं की महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले आणि पाच मिनिटं बोलले. भेट स्वस्त असावी, खाण्याची असावी आणि स्वतःच्या हातची असावी, म्हणजे कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. काकूंनी वाजवल्या नाहीत. त्यांचे हात ओले असतील असं मला वाटलं.

बैठक संपल्यावर त्यांनी मला मोरीपाशी गाठलं. "बाई, पुडा घेतला की सुटत होते मी. आता घरी काय करू? एक स्टोव्ह, सहा माणसं, आणि रविवारी पाणी नाही. तुला कोणी सांगितलं होतं माझी काळजी करायला?" मावशी, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. (मी इकडे समतेवर बोलत होते आणि तिकडे त्यांच्या स्टोव्हवर जादा काम लादत होते.) मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की काकू, तुमच्याही भेटी मीच करते, तुम्ही फक्त द्या. त्या म्हणाल्या, "येतं का तुला?" मी म्हटलं, येतं.

येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार! आईने मला ओट्याजवळ कधी उभं राहू दिलं नाही. तुझा हात पुस्तकाला लागू दे, कणकेला लावायला मी आहे, हे ऐकत मी मोठी झाले. मला उकळत्या पाण्याचं तापमान दोन दशांश स्थळांपर्यंत सांगता येतं, पण ते कोणत्या पातेल्यात उकळायचं ते नाही.

मी संत्र्याच्या सालींच्या साखरेतल्या वड्या निवडल्या. साली फुकट मिळतात, वायाही जात नाहीत, शिवाय दिसायला छान. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडे पिशवी घेऊन गेले. त्याने साली भरून दिल्या आणि विचारलं, "शेळी कितीची घेतली?" मी भेटवस्तूंचा सगळा विचार समजावून सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "दूध देते का?"

पहिला घाणा इतका कडू झाला की आईने तो ताप उतरायला ठेवू या असं सुचवलं. दुसरा करपला. तिसरा पातेल्याला असा धरून बसला की पातेलं आणि वड्या आता एकच वस्तू आहेत. आई दारात उभी राहून "मी करू का?" म्हणायची आणि मी "नको, माझ्या हातचं पाहिजे" म्हणायची. (तत्त्व सोडायचं नव्हतं. शिवाय आईने ते पातेलं बघितल्यापासून मला तिच्या नजरेला नजर देता येत नव्हती.) चौथा घाणा वडीसारखा दिसला. मी इतकी हरखले की चव न घेताच सहा बरण्या भरल्या. आधी काकूंच्या, कारण शब्द त्यांना दिला होता. चिठ्ठ्यांवर 'काकूंकडून प्रेमपूर्वक' हे मी डाव्या हाताने लिहिलं, त्यांचं अक्षर वाटावं म्हणून. ते बघून काकू म्हणाल्या, "माझं अक्षर तुझ्या उजव्यापेक्षा बरं आहे." आणि ते खरं आहे, मावशी. मी पाहिलंय. मोत्यासारखं आहे.

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी त्या बरण्या मी वजन करायला प्रयोगशाळेत नेल्या (आमचा काटा केसाचंही वजन सांगतो, केसाचा विषय पुढे येईल), खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या आणि तेवढ्यात मॅडमनी हाक मारली म्हणून गेले. आमच्याकडे शिस्त अशी, की त्या टेबलावर दहा वाजता जे काही खाण्याचं असेल त्याला नंबर पडतो. कोणाचं ते विचारायचं नाही, कारण तपासणाऱ्याला ते कळता कामा नये. चिठ्ठी काढून लिफाफ्यात बंद करायची, आणि माल नापास झाला तरच लिफाफा उघडायचा. हे काम आमच्या वरिष्ठ सहायकांकडे आहे. त्यांना सगळे सूक्ष्मदर्शक म्हणतात, कारण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. परत आले तर बरण्या नव्हत्या. मला वाटलं काकूंनी कपाटात ठेवल्या. काकूंना वाटलं मी घरी नेल्या.

आज सकाळी माझ्याकडे अहवाल आला, स्वच्छ अक्षरात उतरवून सही करण्यासाठी. नमुना क्रमांक चारशे बारा. ओलावा, मर्यादेच्या दुप्पट. बुरशी, सुरुवात झालेली. बाह्य पदार्थ, एक केस, काळा, लांब, तेल लावलेला. खाण्यास अयोग्य. खाली सूक्ष्मदर्शकांनी आपल्या मनाने जोडलं होतं, 'उत्पादकास स्वयंपाकाचा गंध नसावा.' मी मन लावून सगळं उतरवलं, आणि मनात म्हटलं, कसली माणसं असतात, लोकांच्या जिवाशी खेळतात. सही केली. मग लिफाफा उघडला.

तोवर सूक्ष्मदर्शकही मागे येऊन उभे होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि तडक मोरीकडे गेले. "काकू, हा धंदा कधीपासून? इथेच माल विकायला आणता?" सगळे गोळा झाले. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यांच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण ते त्यांनी तिथेच ठेवलं. हातातली काचेची नळी पुसत राहिल्या, जी केव्हाच कोरडी झाली होती. आणि मी, जी बैठकीत पाच मिनिटं बोलले होते, तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना. शेरा, आई, इस्त्रीवाला, सगळे डोळ्यांपुढून गेले. किती वेळ गप्प होते ते मला माहीत नाही. एक मिनिट असेल. पण ते मिनिट होतं, मावशी, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

मग मी म्हटलं, माझ्या आहेत. आवाज इतका बारीक निघाला की दोनदा सांगावं लागलं. मॅडमनी मला केबिनमध्ये नेलं. मी तत्त्वांपासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "आधी बस. केस कोणाचा?" मी म्हटलं, माझाच. "बरं. तेवढं तरी सिद्ध झालं." मग चष्मा पुसत त्यांनी नियम सांगितला. नापास अहवाल फाडता येत नाही, पण उत्पादकाला एकदा फेरतपासणी मागता येते. सोमवारी अकरा वाजता ताजा नमुना. पास झाला तर प्रकरण बंद. माझा शेराही त्या सोमवारीच लिहिणार आहेत. दोन गोष्टींचा संबंध आहे का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. बाहेर आले तर सूक्ष्मदर्शक काकूंची माफी मागत होते आणि काकू त्यांना बाजूला व्हा, फरशी पुसायचीय, असं सांगत होत्या. मला त्या एवढंच म्हणाल्या, "केस बांधून कर आता."

तर असं आहे सगळं. काळजीचं काही कारण नाही. गुडघ्याला शेक घे. काकांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. सहज विचारते, त्या साली किती वेळा उकळून पाणी टाकायचं?

ता. क. २. तू नाहीतरी गोडधोड करतच असतेस. ड्रायव्हरकाकांबरोबर एक लहान बरणी पाठवता येईल का? तपासणाऱ्याला कोणाची ते कळत नाही.

ता. क. ३. वरची ओळ वाचू नकोस. मुलाखतीत मी म्हटलं होतं की सख्ख्या बापाचा माल असला तरी खोटा अहवाल देणार नाही. बरणी पाठवू नकोस. (पाठवलीच तर मी ती खाऊन टाकेन, म्हणजे मोह राहणार नाही.)

ता. क. ४. ताई, मी लिहितेय. पोरगी पाकिटाला लावायला डिंक शोधतेय, तेवढ्यात वाचलं. बरणी नको, ती ऐकायची नाही. रविवारी मी तिच्या शेजारी उभी राहणार, तिने नको म्हटलं तरी. फक्त पाक झाला हे कसं ओळखायचं ते मला लिही. माहेरी गोडाचं सगळं तूच करायचीस, मी नुसतं पातेलं खरवडून खायचे. उत्तर ड्रायव्हरकाकांना माझ्याच हातात द्यायला सांग. पोरीला वाटतं मला सगळं येतं. सोमवारपर्यंत तसंच वाटू दे.