अकरा मोटारी जाळणाऱ्या मुलीच्या नावे

मी, गिरिजाबाई राजानंद खरात, वय एकोणसत्तर वर्षे, धंदा पाण्याच्या मोटारींचे रिवायंडिंग (जळकी तार काढून नवी भरणे), राहणार मंठा, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि आता या वयात कोणी घालू शकेल असेही वाटत नाही. माझी नजर चष्म्याने चालते, डोके चष्म्याशिवाय चालते. कालच तीन हॉर्सपॉवरची एक मोटार मी एकटीने बांधली. ज्याला माझ्या शुद्धीबद्दल शंका असेल त्याने ती चालवून पाहावी. वकिलांचे म्हणणे पडले की मोटारीचा पुरावा चालत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या, ओसरी व मागची मोकळी जागा, माझा एकुलता मुलगा प्रेम याला द्यावे. तो पुण्याला कंपनीत आहे, तिथे त्याचे चांगले चालले आहे. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे, मात्र ओसरीतला बुद्धांचा फोटो आधी पुण्याला न्यावा.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही निघेल ते सून पायल हिचे. माझ्या पाटल्याही तिच्याच. माझ्या दोन्ही मोठ्या आजारपणांत तिने रजा काढून माझे केले, हे मी विसरलेली नाही. प्रेमने यात वाटा मागू नये.

कलम ३. बसस्टँड रस्त्यावरचे माझे दुकान, त्याखालची जागा, समोरचे अंगण, वाइंडिंगची दोन्ही मशीन, तारेचे इन्सुलेशन तपासायचा मेगर, बेअरिंग काढायचा पुलर, सगळी हत्यारे आणि शिल्लक तांब्याची तार हे सर्व मी रूपाली कडूबा शिंगाडे, वय चोवीस वर्षे, हिला देत आहे. ती माझ्या नात्यातली नाही, जातीतली नाही. सात वर्षांपूर्वी तिने मला जवळजवळ संपवले होते. उद्या कोणीही म्हणेल की या पोरीने म्हातारीला भुलवले. कोर्टात तसे कोणी म्हटलेच तर उत्तर तयार असावे, म्हणून काय घडले ते इथेच लिहिते. वकिलांनी हे वेगळ्या कागदावर लिहायला सांगितले होते. वेगळा कागद हरवतो.

हे दुकान माझ्या नवऱ्याचे. ते काविळीने गेले तेव्हा मी चाळीस वर्षांची होते आणि मला तारेची जाडीही कळत नव्हती. एक जळकी मोटार मी पंधरा वेळा उकलली आणि पंधरा वेळा भरली, तेव्हा ती फिरली. पहिले वर्षभर शेतकरी दारातून डोकावून परत जात. मग हळूहळू फेटेवाले, टोपीवाले सगळे माझ्या बाकड्यावर येऊन बसू लागले. "बाई, जरा बघता का" असे म्हणू लागले. बावीस वर्षांत माझ्या हातची मोटार हंगामाच्या आत परत आली नव्हती.

२०१८ च्या डिसेंबरात पहिली परत आली. मग दुसरी. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. फेब्रुवारी संपेपर्यंत अकरा मोटारी जळून परत आल्या. अकरावी भागवतची, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची. त्याचा हरभरा घाटे भरत होता, तो उभा वाळला. त्याने मोटार माझ्या अंगणात टाकली आणि आवाज न चढवता म्हणाला, "बाई, तुमच्या हातात आता जीव राह्यला न्हाई. बंद करा."

प्रेमचा फोन आला. "आई, शेठ बराबर भाव देऊन राह्यला. आता बस कर." शेठ म्हणजे राधेश्याम. माझ्या दुकानाच्या दोन्ही बाजूंचे प्लॉट त्याचे होते. मध्ये मी. त्याला तिथे गाळे बांधायचे होते, आणि मी तीनदा नाही म्हटले होते. प्रेमने मला न विचारता त्याच्याशी बोलणे केले, ही गोष्ट मला लागली. घर त्याला दिले आहे तरी हे इथे लिहून ठेवते.

भागवत गेल्यावर मी अकराही मोटारींच्या कॉइली कापून शेजारी शेजारी मांडल्या. प्रत्येकीत आग एकाच ठिकाणी लागलेली होती, खाचेच्या तोंडाशी, डाव्या बाजूला. माझा हात थकला असता तर चुका कुठेही झाल्या असत्या. एकाच जागी होते ती चूक नसते. वार्निश केल्यावर मोटारी मी अंगणात उन्हात वाळायला ठेवते आणि दुपारी जेवून अर्धा तास पाठ टेकते. तेवढ्या वेळात कोणी ओल्या वार्निशखाली दोन तारांवरचा लेप सुईने खरवडला, तर वरून काही दिसत नाही. मीटरही काही सांगत नाही. पंधरा दिवस भार पडला की मोटार जळते. हे काम करायला मोटार आतून कळावी लागते. मला राग आला, पण खरे सांगते, आधी वाटले की हा हात चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवले नाही. दारामागे गोणपाटाच्या आडोशाला बसून राहिले. चहाचे रिकामे ग्लास न्यायला राधेश्यामच्या टपरीवरची मुलगी आली. ग्लास खाली ठेवले, मोटारीजवळ उकिडवी बसली आणि डाव्या हाताने ओढणीतून सुई काढली. मी मनगट धरले. ती ओरडली नाही, सुटायला धडपडलीही नाही.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच."

"मी कधी शिकवलं?"

"ग्लास रिकामा व्हईस्तोवर मी हितंच उभी राहत व्हते. तुम्ही कधी बघितलं न्हाई."

ती पाच महिने रोज दोनदा माझ्या दुकानात येत होती. मी तिचे नाव विचारले नव्हते. चहा पिऊन ग्लास न बघता मागे सरकवत होते. याचा दोष मी माझ्या नावावर लावून घेते.

मी विचारले, "राधेश्यामनं सांगितलं? त्याच्या धाकानं केलंस?"

"धाक व्हता," ती म्हणाली. "पर मला बरं बी वाटत व्हतं. इतके माणसं तुम्हाला बाई बाई करते. मला वाटलं, बघू हिचं काय व्हतंय."

ती अशीच होती. सतरा वर्षांची, हाडकुळी, नजर न झुकवणारी. खोटे बोलताना आणि खरे बोलताना तिचा आवाज सारखाच असे. कोणासमोर जेवत नसे. आपल्या कशाला हात लावू देत नसे आणि कशाचे उपकार घेत नसे. अशा माणसाला पोलिसांत द्यावे असेच कोणालाही वाटेल, मलाही वाटले. पण आधी तिच्या घरच्यांच्या तोंडावर हे घालावे म्हणून मी गाव विचारले. तिने सांगितले नाही. टपरीवरच्या दुसऱ्या माणसाकडून कळले. आष्टीच्या पलीकडची एक वस्ती, नाव इथे लिहीत नाही. चुलता रखमाजी शिंगाडे.

मी गेले. रखमाजीने आधी माझे आडनाव विचारले आणि ते ऐकल्यावर बाज पुढे केली नाही. मी उभ्यानेच बोलले. तो म्हणाला, "रूपाली मेली. दोन वर्ष झाले. दहावा केला, गाव जेवला." आणि भिंतीकडे बोट केले. तिथे तिचाच फोटो होता, प्लास्टिकचा हार घातलेला.

"मंग माझ्याकडं रोज चहा आणते ती कोण?"

"बाई, मेलेल्याचं नाव घेऊन येऊ नका," तो म्हणाला आणि आत गेला.

बाहेर त्यांच्या शेजारची एक म्हातारी माझ्या मागे हापशापर्यंत आली. तिने सांगितले ते असे. रूपालीचा बाप कडूबा मेंढरे घेऊन गेला होता, तिकडेच ट्रकखाली आला. आईने दुसरे घर केले, पोर चुलत्याकडे सोडली. तेव्हा ती सहा वर्षांची. तिथे रोज संध्याकाळी तिला सगळ्यांसमोर उभी करून दिवसभरात काय काय खाल्ले ते मोजून सांगायला लावत. पंधराव्या वर्षी तिशी ओलांडलेल्या माणसाला दिली. चौथ्या दिवशी ती चालत निघाली. चुलत्याने तिला शोधले नाही, मेली म्हणून जाहीर केले. मयतीचा दाखलाही काढला, कारण बापाची दोन एकर जमीन तिच्या नावाने लागायची होती. राधेश्यामला ही सगळी गोष्ट ठाऊक होती, हे मला पुढे रूपालीकडूनच कळले. त्याने पोरीला टपरीमागे पत्र्याची खोली दिली होती आणि सांगितले होते, "तू कागदावर मेलेली हायेस. हितून काढलं तर कुठं जाशील? नवऱ्याला कळवू का?"

परत येताना जीपमध्ये मी तिला माफ केले नाही. भागवतचा हरभरा वाळला होता, तो तिच्या दुःखाने हिरवा होणार नव्हता. पण मी ठरवले की या पोरीला हरवायचे तर राधेश्यामच्या हातून सोडवूनच हरवायचे.

मी तिला म्हणाले, "अकरा मोटारी तू बांधायच्या. माझ्यासमोर, त्याच अंगणात. आणि बाजाराच्या दिवशी अकरा जणांना सांगायचं काय केलंस ते. शेठचं नाव घ्यायचं का न्हाई ते तू ठरव. नवरा आला तर मी हाये."

तिने विचारले, "तुम्ही मला जेवायला तर न्हाई घालणार ना?"

"न्हाई घालणार."

"मंग करते."

बाजाराच्या दिवशी अकराही जण आले. बोभाटा ऐकून राधेश्यामही आला आणि हात मागे बांधून उभा राहिला. रूपालीने एक जळकी मोटार उघडली, सुई कुठे लावत होती ते बोट ठेवून दाखवले आणि त्याच आवाजात म्हणाली, "मी केलं. शेठनं सांगितलं व्हतं. बाईची चूक न्हाई."

राधेश्याम हसला. "अरे, ही तर मेलेली पोरगी. हिच्या चुलत्याकडं दाखला हाये. मेलेल्याची साक्ष कोण धरतं?"

भागवत बाकड्यावरून उठला. "शेठ, हे तुम्हाला कसं ठाऊक? आन ठाऊक व्हतं तर मेलेल्या पोरीला तुम्ही टपरीवर राबवलं कसं?"

पहिले हसू कुणाचे फुटले ते मला आठवत नाही. मग सगळे अंगण हसले, रस्त्यावरचे लोक थांबून हसले. राधेश्याम काहीतरी बोलत होता, पण ऐकू येत नव्हते. त्या आठवड्यापासून त्याच्या टपरीवर आमच्या भागातला शेतकरी बसला नाही. दोन वर्षांत त्याने दोन्ही प्लॉट विकले आणि तो मंठा सोडून गेला. मी रोज सकाळी दुकान उघडते तेव्हा दोन्ही बाजूंना बघते. म्हातारपणी माणसाला एवढे सुख चालते.

रूपालीला पोलिसांत द्यायचे की नाही ते मी अकरा जणांवर सोडले होते. भागवत म्हणाला, "आधी मोटारी बांधू द्या." चाळीस दिवस लागले. पहिली भागवतची बांधली. ती आजही पाणी ओढते आहे. चाळीस दिवस संपले तरी एकेचाळिसाव्या दिवशी ती आली, झाडू घेतला आणि अंगण झाडले. तिने विचारले नाही, मीही विचारले नाही. माझ्यासोबत पहिल्यांदा जेवली ती त्यानंतर चार महिन्यांनी, आणि तेही भाजीत मीठ कमी आहे असे म्हणत.

नवरा एकदा आला. त्याने दाखला दाखवून मेलेल्या बायकोवर हक्क सांगावा किंवा जिवंत बायकोचे लग्नावेळचे वय पोलिसांना सांगावे, यांपैकी काय ते निवड, असे मी त्याला म्हणाले. तो परत आला नाही.

मयतीची नोंद रद्द करायला अडीच वर्षे लागली. प्रत्येक टेबलावर तिला ती जिवंत असल्याचा पुरावा मागत, आणि ती समोर उभी असे. शेवटी २०२१ च्या पावसाळ्यात आदेश झाला, मागोमाग जमीनही तिच्या नावावर आली. रखमाजी त्या दिवशी मान खाली घालून कचेरीतून बाहेर पडला. कागद हातात घेऊन ती पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "बाई, आता मला मरता येईल." मग आम्ही दोघी पायरीवर बसून इतक्या हसलो की शिपाई बघायला आला.

आज तालुक्यातली मोठी सबमर्सिबल बिघडली की रूपालीला बोलावणे येते. माझ्याहून तिचा हात सरस आहे, हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. तिचा स्वभाव मात्र बदललेला नाही. गिऱ्हाईकाशी कडक बोलते, खोट्या कौतुकाला फसत नाही, कोणाचे आभार मानत नाही. प्रेमने तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नये.

कलम ४. राधेश्यामला मी काही ठेवत नाही. त्याच्यावरचा राग माझा आहे, तो माझ्याबरोबर संपेल. रूपालीने तो वारसाहक्काने चालवू नये, तिच्याकडे तिचा स्वतःचा पुरेसा आहे.

कलम ५. माझा अंत्यविधी त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने करावा. रूपालीला बिरोबापुढे नारळ फोडायचा असेल तर फोडू द्यावा, कोणी वाद घालू नये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. ओमप्रकाश यांनी करावी. प्रेमने कलम ३ ला हरकत घेतल्यास त्यांनी ते त्याला सबंध वाचून दाखवावे, उभे करून नव्हे, बसवून, चहा देऊन.

शेवटी एक लिहायचे राहिले. आज सकाळी मी रूपालीला कलम ३ बद्दल सांगितले. तिने हातातली कॉइल खाली ठेवली नाही. म्हणाली, "मला नको. फुकटचं मी घेत न्हाई. पाहिजे तर भाड्यानं द्या." मी समजावले, ती ऐकेना. दुपारपर्यंत आमचे भांडण चालले, दोन गिऱ्हाइके परत गेली. सात वर्षांत या पोरीने मला बहुतेक वादांत हरवले आहे. म्हणून मी वकिलांना विचारले की ज्याला द्यायचे त्याची यावर सही लागते का. त्यांनी सांगितले, लागत नाही.

तेव्हा मी जिंकले, असे लिहून खाली सही करते.

ठिकाण : मंठा, जि. जालना
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

(सही) गिरिजाबाई राजानंद खरात

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील बाईंनी हा मजकूर वाचून, दोन ठिकाणी हसून, सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार १ : (सही) केशरबाई वाहुळे, निवृत्त परिचारिका, मंठा
साक्षीदार २ : (सही) राधाकिसन काळे, बेअरिंगचे दुकान, मंठा