घडीवरचा शब्द

दिनांक १२ मार्च २०१९, मंगळवार
दुपारी १ वाजून १० मिनिटे

ताई,

नमस्कार. चिमणीला पापा.

आत्तापर्यंत दुकानात 'खरी प्रत' असा रबरी शिक्का कापत होतो. एका वकीलबाईंचं काम आहे. 'प्र'खालची तिरपी रेघ रबरात फार बारीक येते आणि तुटते. तीनदा तुटली, म्हणून पातं बाजूला ठेवलं आणि कागद घेतला.

तुझी पाठ कशी आहे? वॉर्डात आठ-आठ तास उभं राहून दुखते म्हणाली होतीस. मी ठीक आहे. मोरीचा नळ ठिबकायचा थांबला. खिडकीची कडी चिमणीचा हात पोचेल इतकी खाली बसवून घेतली. तिचं टेबलही आलं, खिडकीशी ठेवलं आहे. एक पाय तोकडा आहे, त्याखाली पुठ्ठा घातला.

नळाचं, कडीचं, टेबलाचं लिहून झालं.

ताई, सोमवारी १८ तारखेला घराच्या सहीसाठी नोंदणी कार्यालयात येऊ नकोस. फंडाचे पैसे खात्यात आले असतील तर तिथेच राहू दे. कागदपत्रांत एक अडचण निघाली आहे. फोनच करणार होतो, पण तू 'बोल रे' म्हणालीस की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो, हे तुला माहीत आहे.

घराची जमीन आणि भिंती मूळ मालकाच्या, आमचा फक्त भाडेपट्टा, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एवढं खरं सांगितलं होतं. माझ्या आजोबांनी १ एप्रिल १९७१ रोजी दोन खोल्या मुदतीने घेतल्या. म्हणजे मी तुला विकतो आहे ती उरलेली वर्षं. भिंती त्या वर्षांबरोबर वापरायला मिळतात, इतकंच. मूळ दस्तात मुदतीची ओळ अशी आहे: 'सदर जागा आजपासून एकोण' आणि पुढे जिथे उभी आणि आडवी घडी एकमेकींना छेदतात तिथे भोक आहे. त्यानंतर 'वर्षे मुदतीने दिली असे'.

मी तुला म्हणालो, तिथे 'एकोणनव्वद' होतं, बाबा तसंच सांगायचे. म्हणजे अजून एक्केचाळीस वर्षं. तू चष्मा वर करून भोकाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "एखादा वकील बघायला हवा का रे?" मी काही बोलायच्या आत तूच हसलीस. "जाऊ दे. घरातल्या घरात वकील कशाला? तू कधी एक मात्रा चुकवत नाहीस, वर्षं काय चुकवणार!"

चिमणी तेव्हा जमिनीवर पालथी पडून बेरीज करत होती. "मामा, एक्केचाळीस वर्षांनी मी पन्नास! म्हणजे म्हातारी होईपर्यंत कोणी आम्हाला जा म्हणणार नाही?" तू म्हणालीस, "पन्नास म्हणजे म्हातारी? थांब, बघते तुला." आपण तिघंही हसलो. मीही हसलो ताई. हे मी पाच आठवडे कोणाला सांगितलेलं नाही.

बाबा कधीच 'एकोणनव्वद' म्हणाले नव्हते. बाबा मुदतीबद्दल कधी बोललेच नाहीत. नोंदणी कार्यालयातली जुनी पुस्तकं पाण्याने खराब झाली, नक्कल मिळत नाही, असं मी तुला सांगितलं तेही खोटं होतं. मी तिथे गेलोच नव्हतो. मूळ मालकाच्या कारकुनाकडे मात्र गेलो होतो, विकायला त्यांची ना-हरकत लागते म्हणून. त्याने थकलेलं भुईभाडं भरून घेतलं, अर्जाची फी घेतली. मी भीत भीत विचारलं, "मुदत किती उरली ते लिहून देता का?" तो म्हणाला, "मुदत तुमची तुम्ही मोजायची. संपली की आम्ही येतोच." मुदत वाढवायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर आहे, तसं कलम आहे. ते कलम मी तुला वाचून दाखवलं, पण भरभर.

आज अकरा वाजता वकीलबाई शिक्का झाला का बघायला आल्या. मी म्हटलं, "बाई, एका गिऱ्हाइकाचं विचारू का? पट्ट्याचं घर विकताना उरलेली वर्षं जास्त सांगितली गेली तर काय होतं?"

"सांगितली गेली, की सांगितली?"

"सांगितली."

"मग ती फसवणूक. घेणारी करार मोडू शकते, विसार परत मागू शकते, कोर्टात खेचू शकते. आणि घेणारीने नोंदणीची नक्कल का काढली नाही?"

"तिचा विश्वास होता."

त्यांनी पर्समधून पैसे काढता काढता माझ्याकडे बघितलं. "तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, सही व्हायच्या आत तोंड उघडलं तर निदान माणूस राहील. सहीनंतर नुसता आरोपी." जाताना दारातून म्हणाल्या, "आणि 'प्र' नीट येऊ द्या."

आता भोकाबद्दल.

बाबा गेल्यावर मी पेटी उघडली तेव्हा ते भोक नव्हतं. कागद विरला होता, पण शब्द वाचता येत होता. 'एकोणसाठ'. मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं, मग मोबाइलवर. ३१ मार्च २०३०. अकरा वर्षं. त्या दिवसापासून मला झोप नाही. अडतिसाव्या वर्षी पेटी डोक्यावर घेऊन रस्त्यावर उभा असलेला मी मला रोज दिसायचो. दोन जण घर बघून गेले, दोघांनी पहिला प्रश्न मुदतीचा विचारला, अकरा ऐकून चहाही न घेता गेले. तिसरी तू आलीस. तू पहिला प्रश्न विचारलास की मी जेवतो का वेळेवर.

तू यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी ते पान त्या जागी दुमडलं आणि उलगडलं. परत दुमडलं. अकरा वेळा. शेवटी 'साठ' एवढाच कपटा सुटून टेबलावर पडला. मी फुंकर मारली. तो कुठे गेला ते मी पाहिलं नाही, म्हणजे मुद्दाम पाहिलं नाही. भीती माझी होती. ती मी तुझ्या फंडाच्या पैशांत तुला आणि चिमणीला विकायला काढली. मुदत संपेल त्या वर्षी चिमणीला वीस पूर्ण होतील.

परवा रविवारी भोकाला मागून पट्टी लावायला दस्त खिडकीत उघडला. तो दुहेरी कागदाचा आहे, वहीसारखा. मुदतीची ओळ आतल्या डाव्या पानावर, सह्या समोरच्या उजव्या पानावर. सह्यांच्या वर कोरी जागा आहे. तिथे ऊन पडलं आणि मला फिकट शाई दिसली. लिहिल्यावर ओलं असतानाच कोणीतरी दस्त मिटला असणार. दुसऱ्या कोणाला तो डाग वाटेल. मी आठ वर्षं उलटी अक्षरं कापतो, मला सरळ वाचता आलं. 'साठ'. भोकाच्या बरोबर समोर.

मूळ दस्त या पत्राबरोबर रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. माझ्याकडे ठेवत नाही. माझ्या हातात राहिला तर समोरच्या पानाचं मी काय करीन याची मला खात्री नाही. आतलं उजवं पान आरशासमोर धर. शिवाय नोंदणी कार्यालयात नक्कल माग, दस्ताचा क्रमांक पहिल्या पानाच्या माथ्यावर आहे. माझ्या शब्दावर आता काही मानू नकोस, हाही नाही. आणि पुढे कधी पट्ट्याचं घर बघितलंस तर आधी नक्कल, आधी वर्षं, मग खिडकी आणि कडी. विकणारा घरचा असेल तर दोन नकला.

आठवीत शाळा सुटल्यावर मी मावशीकडे यायचो, तू मला रोज शुद्धलेखनाचे दहा शब्द घालायचीस. एकदा मी आकडे अक्षरांत लिहिताना 'एकूणसाठ' लिहिलं. तू माझा कान धरलास. "एकूण म्हणजे सगळं मिळून. एकोण म्हणजे एक कमी. एवढ्याशा फरकाने माणूस बुडतो, समजलं?" दोन्ही शब्द पंचवीस वेळा लिहून घेतलेस. त्यानंतर 'एकोणसाठ' हा शब्द माझ्याकडून कधी चुकला नाही. पेटीतल्या दस्तात तो दिसला तेव्हा, शपथ घेऊन सांगतो, मला पहिल्यांदा आनंद झाला होता की ज्याने लिहिलं त्याने शुद्ध लिहिलं आहे.

मला माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, कारण त्यावर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आता आणखी काही लादायचं नाही. चिमणीला काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी चालेल.

खाली हिशेब जोडला आहे. बेरीज दोनदा केली आहे, तरी तू एकदा करून बघ.

तुझा,
ज्याला तू लिहायला शिकवलंस तो

तुझ्याकडून मिळालेला विसार: १,५०,०००

त्यातून खर्च झाले:
थकलेलं भुईभाडं, तीन वर्षांचं: ४,५००
ना-हरकतीच्या अर्जाची फी: १०,०००
मी राहायला बघितलेल्या खोलीची अनामत: २२,०००
चिमणीचं टेबल: ३,२००
बेरीज: ३९,७००

उरलेले, सोबत धनादेशाने परत: १,१०,३००

देणं राहिलं:
वरचे खर्च झालेले: ३९,७००
करारासाठी तू भरलेला स्टँप: १,१५०
बेरीज: ४०,८५०

दरमहा ३,००० प्रमाणे तेरा महिने, चौदाव्या महिन्यात १,८५०. टेबलाचे पैसे मी देणार, पण टेबल चिमणीचंच. हमालाबरोबर पाठवतो. पायाखालचा पुठ्ठा विसरू नका.

परत केलेले आणि द्यायचे मिळून, एकूण: १,५१,१५०

एकूण, ताई. पंचवीस वेळा लिहिलेलं.