प्रज्ञाचा कोरडा खोकला

मंगळवार, दिवेलागण

प्रज्ञाच्या बाईंनी आज शाळेत बोलावलं. पोरगी चौथीत गेली आणि येत असलेला सातचा पाढा विसरली. वर्गात नुसती दाराकडे कान लावून बसते म्हणे. आणि तो खोकला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दोनदा छाती तपासली, काहीच निघालं नाही.

घरी येऊन विचारलं, "पाढा काऊन विसरली वं?"

"ऐकत असलं की पाढा नाई आठवत, आई."

"काय ऐकून राह्यली?"

"वानरासारखं. तूच तं शिकवलं."

शिकवलं होतं खरं. मी वनरक्षक. वाघ हलला की झाडावरचं वानर खोकल्यासारखा कॉल देतं आणि खालची हरणं सावध होतात, हे तिला जंगलात नेऊन दाखवलं होतं. तेव्हा तिचे बाबा घरात होते. रोजची भांडणं होती.

आता आठवतंय. आधी ती खोकायची, मग त्यांचा आवाज चढायचा. दर वेळी आधी ती. मी म्हणायची, धूळ असेल.

घटस्फोटाला वर्ष झालं. ते गडचिरोलीला गेले. क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच. मग खोकला का नाही गेला?

हे लिहीत होते तेव्हा ती समोर बसून पाढा म्हणत होती. सात सकपाशी अडली. मी चकार शब्द काढला नाही, शप्पथ. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि खोकली.

पेन मी मुठीत आवळून धरला होता. मला राग आलाय, हे मला तिच्या खोकल्यानंतर कळलं.