भार

३ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

आईला दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीवरच सोडणार आहेत. माझ्या दारापुढच्या पायऱ्यांवर खुर्ची चढवायला उतार बसला तर ती माझ्याकडे येईल, नाहीतर थेट वृद्धाश्रमात. उतार रोज उचलून आत ठेवावा लागणार, म्हणून हलका, ॲल्युमिनियमचा करते आहे. हौशी लोकांचं छोटं मिग वेल्डिंगचं मशीन आणलंय. तार आतल्या आतच गुंता करून बसते, आणि चुकून जोड पडलाच तर काजळीसारखा काळा. तुझा जन्म वेल्डिंगमध्ये गेला, तेव्हा हसून झालं की उपाय कळव.

तुझा लोभ आहे असं धरून चालणारी,
चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

मशीन म्हणजे खेळणं आहे, पण चालेल. ॲल्युमिनियमची तार मऊ, मागून रेटली की दुमडते. आत टेफ्लॉनची नळी घाल, केबल सरळ ठेव, रोलर फार आवळू नकोस. गॅस निव्वळ आर्गॉन. ब्रश नवा, स्टेनलेसचा. लोखंडावर फिरलेला वापरलास तर मेहनत पाण्यात. गन पुढे ढकलत ने आणि रेंगाळू नकोस. लोखंड सांगून वितळतं, आधी लाल होतं. हे न सांगता खाली बसतं.

मग भार घालून बघ. बाबांच्या दुकानातून मी वर उभा राहिल्याशिवाय एकही शिडी बाहेर गेली नाही. तुझ्या वजनाने मात्र काही कळायचं नाही.

आईबद्दल लिहू नकोस. मला न विचारता तिने दुकान विकलं तेव्हापासून आमचं बोलणं नाही, आणि त्याची मला सवय झाली आहे. हे सगळं मी सांगितलं असंही तिला कळायला नको.

लोभ तुझ्यापुरता आहेच.
दादा

१९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

एक पत्रा भोक पडून वाया गेला, पण उतार झाला. जोडाचा एक तुकडा आईला दाखवायला नेला. तिने त्यावरून नख फिरवलं आणि कोणी शिकवलं विचारलं. दुकानदाराने, म्हटलं. लोखंड सांगून वितळतं वगैरे त्याचंच म्हणणं, असंही ठोकून दिलं. ते वाक्य कोणाचं हे तिला माहीत आहे. खोटं बोलणं मला कधी जमलंच नाही.

मी उतारावर उभी राहिले, नाचलेसुद्धा, हेही तिला सांगितलं. आई म्हणाली, चिमणी बसली म्हणून फांदीची परीक्षा होत नाही. आपल्याकडे भार कोण तपासायचं ते तुला ठाऊक आहे. तो उभा राहिल्याशिवाय मी चढणार नाही, म्हणाली. नर्स हसली, पण आई हसत नव्हती. दवाखान्यातली खाट पुढच्या शनिवारी सोडायची आहे. मला भीती वाटते आहे, दादा.

लोभ जरा माझ्यापलीकडेही जाऊ दे.
चिमणी

२३ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी येतो. तपासायला येतो आहे, बोलायला नाही, असं आईला सांग. जोडांवर रंग देऊ नकोस, मला नीट दिसले पाहिजेत. माझं वजन अजून तेवढंच आहे, किंबहुना थोडं चढलंच आहे.

लोभाचं तिथे आल्यावर बघू.
दादा

ता. क. नंतर लक्षात आलं. खुर्ची, त्यात आई आणि मागून ढकलणारा, असा सगळा भार एकदम पडणार. मी एकट्याने उभं राहून काही कळायचं नाही. शनिवारी ढकलायला थांबतो.